औषध विरघळेपर्यंत बोलायचं नाही

जिथे बोलायला मनाई असते तिथेच किस्से जास्त साठतात, असं माझं मत झालं आहे. वर्गात सर असले की हसू जास्त येतं, तसंच काहीसं असावं. मी तशी फार बोलणारी नाही. मधल्या सुट्टीत मैत्रिणी गोल करून बसतात तेव्हा मी बहुतेक ऐकतच असते. पण माझी आई जालन्यात ज्या केंद्रावर सिस्टर आहे, तिथलं काही सांगायला घेतलं की सगळ्यांचे डबे उघडेच राहतात. मग शेवटी घंटा होते आणि किस्सा अर्धाच राहतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावेत.

आधी केंद्र म्हणजे काय ते सांगते. एका जुन्या दवाखान्याच्या कडेला, गल्लीकडे तोंड असलेल्या दोन खोल्या आहेत. पावडरच्या नाहीतर इंजेक्शनच्या नशेत अडकलेली माणसं तिथे रोज सकाळी येतात. आई त्यांना नशेच्या जागी औषध देते. गोळ्या कुटून त्यांची पूड जिभेखाली ठेवते आणि ती हळूहळू विरघळते. मग दिवसभर अंग मोडून येत नाही, नाक-डोळे वाहत नाहीत, पावडरची ओढ लागत नाही. हे औषध घरी न्यायला मिळत नाही. तिथेच बाकावर बसून घ्यायचं आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोललं किंवा गिळलं तर ते पोटात जातं आणि वाया जातं. शेवटी आई बॅटरी घेऊन येते, "जीभ वर करा" म्हणते, नीट बघते आणि मगच सोडते.

आम्ही राहतो बदनापूरला. आईची ड्युटी सकाळची, माझी शाळा दुपारची. म्हणून मी तिच्याबरोबरच बसने येते आणि शाळेची वेळ होईपर्यंत केंद्राच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बाजूला अभ्यास करत बसते. निदान पुस्तक तरी उघडं असतं.

* * *

आमच्या केंद्रावर दत्ता नावाचा एक जण येतो. तिशीतला असेल. त्याला बोलल्याशिवाय करमत नाही, त्यामुळे ती आठ-दहा मिनिटं त्याच्याइतकी जड कुणालाच जात नाहीत. तो बाकावर मांड्या हलवत बसतो, छताकडे बघतो, पंख्याची पाती मोजतो.

एकदा सगळे असेच ओळीने बसले होते. तोंडं मिटलेली, नजर समोर, दार उघडं. वडीगोद्रीकडची एक आजी गुडघे दाखवायला दवाखान्यात आली होती, ती दारात थांबली. तिने थोडा वेळ आत पाहिलं. मग चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दत्ताच्या शेजारी येऊन बसली. हात जोडले, डोळे मिटले.

कुणालाच काही सांगता येईना. दत्ताने तिच्या हाताला हळूच बोट लावून दाराकडे खूण केली. आजीला वाटलं, दारातून कुणीतरी महाराज येणार आहेत. ती आणखी सावरून बसली. मग त्याने आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं, तर तिने प्रसादासाठी हात पुढे केला!

आई आतल्या खोलीत होती. ती बॅटरी घेऊन आली आणि सवयीने ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. दत्ताला "जीभ वर करा" म्हटलं. दत्ताने केली. शेजारी आजीनेही केली.

आईने तिला सगळं समजावून सांगितलं. आजीला काही वाईट वाटलं नाही. उठताना म्हणाली, "मला वाटलं सत्संग हाये. इतकी गप बसलेली गडीमानसं मी देवळात बी पाह्यली न्हाईत, माय."

* * *

केंद्राच्या समोर किसनशेठचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांच्या दारात स्टीलच्या बादल्या आणि कळशा टांगलेल्या असतात. शेठ माणूस वाईट नाही. मला पेन लागला तर गल्ल्यातला काढून देतात. पण केंद्राचं नाव काढलं की त्यांचा चेहरा आवळतो. पूर्वी, म्हणजे हे केंद्र सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या घराचे पितळी नळ गेले होते, पाण्याची मोटर गेली होती, एकदा तर दुकानाची पाटीसुद्धा गेली होती. आता त्याच लोकांना सरकार रोज सकाळी आपल्या दुकानासमोर आणून बसवतं, असं त्यांना वाटतं.

म्हणून केंद्र उघडलं की शेठ दारातल्या बादल्या काढून आत नेतात. केंद्र बंद झालं की परत टांगतात. अशी त्यांची रोज दोनदा हमाली होते.

एक दिवस दत्ताचं औषध लवकर झालं. बाहेर पडला तर शेठ दोन्ही हातांत बादल्या घेऊन पायरी चढत होते. दत्ताने लगेच उरलेल्या बादल्या काढल्या आणि शेठच्या मागोमाग दुकानात नेऊन ठेवल्या. एकट्याने इतकं उचलत जाऊ नका, कमरेत भरंल, असंही म्हणाला. शेठ दाराशी तसेच उभे राहिले. दत्ता गेल्यावर त्यांनी सगळं दुकान पुन्हा लावून बघितलं. एक चमचासुद्धा हलला नव्हता.

आईने दुपारी विचारलं, "काय शेठ, पटलं का आता?"

शेठ म्हणाले, "आज न्हाई नेलं म्हंजे आज नुस्तं बघून गेला."

त्याच आठवड्यात शेठनी गल्लीतल्या दुकानदारांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. हे केंद्र इथून उचला आणि गावाबाहेर बायपासकडे न्या, असा.

* * *

त्या अर्जाचं आईला फार वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ती नुसती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, लांब गेलं तरी औषध तेच राहील, पण रोज येणारी माणसं ती राहणार नाहीत. ह्यांना कामाला जायच्या आधी औषध लागतं. बायपासला जायचं म्हणजे रिक्षा बदला, वाट बघा, तोपर्यंत कामाची वेळ टळते. दोन दिवस येतील, तिसऱ्या दिवशी चुकवतील. आणि ज्या दिवशी औषध चुकलं, त्या दिवशी पावडरवाला दारात उभाच असतो.

तिने नाव घेतलं नाही, पण तिच्या डोळ्यासमोर रफिकभाई होते हे मला कळलं. रफिकभाई म्हणजे केंद्रावरचे जुने. चाळिशीचे, बारीक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. हल्ली एका वेल्डिंगच्या शेडमध्ये काम करतात. किसनशेठचे ते पितळी नळ त्यांनीच नेले होते. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि रफिकभाईंनीही कधी नाकारलेलं नाही.

* * *

चौकातल्या पोलीस ठाण्याचे खरात जमादार पहिल्यांदा केंद्रावर आले तो दिवस मला चांगला आठवतो. कुठेतरी ट्रकची बॅटरी चोरीला गेली होती. अशा वेळी आधी रफिकभाईंना शोधायचं, हा त्यांचा जुना रिवाज. पूर्वी शोधायला अर्धं गाव पालथं घालावं लागायचं. आता एका जागी सगळे सापडतात म्हणून ते खुशीतच आले.

आल्या आल्या रफिकभाईंच्या समोर उभे राहिले आणि काल संध्याकाळी कुठे होता म्हणून विचारलं. रफिकभाई समोर बघत राहिले. जमादारांनी आवाज चढवला. रफिकभाईंनी मान हलवली आणि तोंडाकडे बोट दाखवलं. मग जमादार दत्ताकडे वळले. दत्ताही गप. त्याच्या शेजारचा गप, त्याच्या पलीकडचाही गप. जमादारांच्या नोकरीत असं कधी झालं नसावं. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून विचारलं, "सिस्टर, ह्यांचं काही ठरलंय का?"

आई आतूनच म्हणाली की बसा, दहा मिनिटांत सगळे बोलतील.

जमादार टोपी मांडीवर ठेवून बाकाच्या टोकाला बसले. बोलायला कुणीच नाही, म्हणून तेही गप. त्या दिवशी केंद्रावर सगळ्यात शांत माणूस तेच होते.

आईने रफिकभाईंची जीभ बघितली, झालं म्हणाली. रफिकभाई उठले आणि जमादारांना म्हणाले, "साहेब, पावडर लागायची म्हनून नळ लागायचा. आता पावडरच लागत न्हाई तं नळ नेऊन काय करू? आमच्याकडं पानीच येत न्हाई."

* * *

गल्लीच्या टोकाला एक भंगारवाले नाना आहेत. जालन्यात भंगाराला काय तोटा, लोखंडाच्या कारखान्यांना रात्रंदिवस भंगार लागतंच. पण नानांचा धंदा लहान. त्यांच्याकडे किलोभर, दोन किलोचा माल यायचा. कुठून आला हे ते विचारत नसत, आणि आणणारा सांगत नसे.

एकदा नाना केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. आईला वाटलं, ह्यांनाही औषध पाहिजे की काय. तिने आत या म्हटलं. नाना आत आले नाहीत. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की हे केंद्र कायमचं आहे का काही दिवसांपुरतं आहे.

आईने विचारलं, का हो?

नाना सांगायला लागले. पूर्वी दुकान उघडायच्या आत कुणी ना कुणी दारात थांबलेलं असायचं. एखादा नळ, तारेचं भेंडोळं, गटारावरचं झाकण, काहीतरी यायचंच. बोहनी कधी चुकली नाही. आता दुपार झाली तरी कुणी येत नाही. घरची बाई रद्दी घेऊन येते आणि वजनावरून भांडते.

आईने हसू दाबलं आणि म्हणाली, मग हे चांगलंच झालं की.

"चांगलं झालं ना," नाना म्हणाले, "पर सगळ्यांलाच एकदम द्यायला लागत होतं का सिस्टर? दोन-चार तरी सोडायचे."

* * *

आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. ते आतल्या खोलीत चपला बाहेर काढून बसतात. एकदा निघायच्या वेळी बघतात तर चपला नाहीत.

डॉक्टर अनवाणीच उभे राहिले. पण बाकावरच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आपल्याच केंद्रावर चोरी, आणि तीही डॉक्टरांच्या चपलांची! दत्ताचं औषध नुकतंच झालं होतं. तो म्हणाला की शेठला हे कळलं तर अर्जात एक ओळ वाढंल, तेव्हा शोध आपणच घ्यायचा. तीन-चार जण चारी दिशांना गेले. दवाखान्याच्या मागे कुठे कुत्री चपला नेतात, कोणत्या टपरीखाली चोरलेल्या चपला ठेवतात, हे त्यांना सगळं माहीत होतं. आई नको नको म्हणत राहिली.

थोड्या वेळाने सगळे परत आले. चपलांचे तीन जोड घेऊन. त्यातला एकही डॉक्टरांचा नव्हता.

आईने कपाळाला हात लावला आणि जिथून आणल्या तिथे आत्ताच्या आत्ता ठेवून या म्हणाली. ते निघाले तेवढ्यात वॉर्डातला शिपाई हसत आला. डॉक्टर सकाळी वॉर्डातून येताना तिथल्याच रबरी स्लिपर घालून आले होते. त्या स्लिपर तो मघाशीच घेऊन गेला होता. डॉक्टरांच्या चपला वॉर्डाच्या दारात जशाच्या तशा होत्या.

दत्ता तिन्ही जोड छातीशी धरून उभा होता. म्हणाला, "हे बी चोरीचेच असतील सिस्टर, टपरीखाली व्हते. पर मालकाला कुठं हुडकू? चोरायला सोप्पं असतं, परत द्यायला लई अवघड जातं."

* * *

एका सकाळी रफिकभाईंची बायको नसीमचाची केंद्रावर आली, लहान मुलीला कडेवर घेऊन. नशेच्या दिवसांत ती माहेरी भोकरदनला निघून गेली होती. घरातली भांडी, तिचा मोबाईल, मुलीच्या पायातले वाळेसुद्धा गेल्यावर ती गेली. आता परत आली होती ती एका अटीवर. औषधाचा एकही दिवस चुकवायचा नाही. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी ती पुन्हा भोकरदनच्या गाडीत बसणार, आणि मग परत येणार नाही.

तिला आईकडून एकच गोष्ट शिकायची होती. जीभ कशी तपासायची ते. आईने बॅटरी कुठून धरायची, जिभेखाली बाजूला कसं बघायचं, सगळं दाखवलं. रफिकभाई बाकावर मान खाली घालून बसले होते आणि बाकीचे हसू आवरत होते. तोंड बंद ठेवून हसू आवरणं फार अवघड असतं. दत्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पण घरी गेल्यावर औषध तर विरघळून गेलेलं असतं, मग जीभ तपासून कळणार काय, असं आईने तिला विचारलं.

नसीमचाची म्हणाली, "कळून काय करायचंय सिस्टर. रोज जीभ उचलून दाखवायला लागली, की झूट बोलायला जागा ऱ्हात न्हाई."

जाताना तिने आईला हळू आवाजात विचारलं, केंद्र बायपासला जाणार हे खरं का. आई म्हणाली, अजून ठरलं नाही. नसीमचाचीने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गेली.

* * *

ठरणार होतं ते खरात जमादारांवर. अर्ज फिरत फिरत पोलिसांकडे आला होता. केंद्रामुळे गल्लीत चोऱ्या वाढल्या का, ह्याचा अहवाल जमादारांनी द्यायचा होता. त्यामुळे शेठ त्यांना रोज चहाला बोलवत, आणि आई त्यांना बघितलं की उगाच टेबल आवरायला लागे.

एकदा ते केंद्रावर येऊन खुर्चीत बसले. आईने भीत भीत विचारलं, काय लिहिणार आहात? जमादार म्हणाले, अजून विचार करून राह्यलोय. मग स्वतःच तक्रार करायला लागले. पूर्वी काही चोरीला गेलं की त्यांचं काम सोपं होतं. ठरलेल्या चार-पाच जणांना आणायचं, त्यातला एक जण कबूल व्हायचाच. आता तेच चार-पाच जण आणले तर कुणीच केलेलं नसतं. चोऱ्या कमी झाल्या हे खरं, पण ज्या होतात त्या कोण करतं ते कळत नाही.

"म्हंजे आता काय करता मंग?" दत्ताने विचारलं.

जमादारांनी मोठा श्वास सोडला. "तपास करायला लागतो," ते म्हणाले.

* * *

आता परवाच्या गणपतीतला किस्सा.

सणाच्या आधी पोलीस त्यांच्या यादीतल्या जुन्या लोकांना ठाण्यात आणून बसवून ठेवतात. काही केलेलं असो-नसो, आधीच बसवलेलं बरं म्हणून. त्या दिवशी जमादारांनी भल्या सकाळी रफिकभाई, दत्ता आणि आणखी तीन-चार जणांना घरून उचललं. केंद्र उघडलं तर बाक रिकामा. आईला कळल्यावर ती तशीच चौकातल्या ठाण्यात गेली आणि सांगितलं, बसवायचं तर बसवा, पण ह्यांचं औषध चुकवू नका. औषध केंद्राबाहेर आणता येत नाही, ह्यांनाच आणावं लागेल.

ठाण्यात गाडी शिल्लक नव्हती. म्हणून जमादारांनी त्यांना ओळीने चालवत आणलं. पुढे हे सगळे, मागे जमादार आपल्या मोटारसायकलवर, पहिल्या गिअरमध्ये. दत्ता ओळखीच्या लोकांना हात करत होता. शेठनी बादल्या आत घेतल्या आणि पायरीवर येऊन उभे राहिले. जमादार गाडी लावत होते तेव्हा शेठ त्यांना म्हणाले, "आता तरी लिहा मंग. पोलीस लागतात ह्यांना औषध पाजायला."

जमादारांनी घाईघाईने गाडी स्टँडवर सोडली. ते आत आले आणि दारातच उभे राहिले, गल्लीकडे पाठ, बाकाकडे तोंड. एकालाही नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. गणपतीच्या मंडपातल्या स्पीकरच्या चाचणीत बाहेरचं दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आईने एकेकाच्या जिभेखाली पूड ठेवली आणि उरलेल्यांच्या गोळ्या कुटायला आत गेली. रफिकभाई खिडकीच्या बाजूला बसले होते. मी कपाटापाशी. मला तिथून गल्ली दिसत नाही, रफिकभाई दिसतात. ते एकदम ताठ झाले. त्यांनी हात वर केला.

जमादार म्हणाले, "हात खाली."

रफिकभाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. जमादारांनी दम दिला, काही नाटकं नकोत. रफिकभाईंनी दोन्ही हात पुढे धरून मनगट पिरगाळलं, मोटारसायकलला रेस देतात तसं. जमादार म्हणाले, काय असेल ते तोंडाने बोल. रफिकभाईंनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, एकदा खिडकीकडे बघितलं. मग उठले, जमादारांच्या हाताखालून वाकून निघाले आणि पळत सुटले.

"पळाला! धरा!" जमादार ओरडले.

अख्खी गल्ली धावली. शेठ ह्या वयात सगळ्यांच्या पुढे होते. जमादारांची पंचाईत झाली. ह्याच्या मागे जावं तर बाकीचे मोकळे. त्यांनी बाकाकडे बघितलं. बाकीचे तोंड मिटून जागच्या जागी बसले होते, एकानेही पाय हलवला नव्हता. मग ते मोटारसायकलकडे धावले, की गाडीवरून लवकर गाठता येईल.

मोटारसायकल जागेवर नव्हती.

आई बॅटरी हातात घेऊन धावली, तिच्या मागे मी. गल्लीच्या टोकाला गणपतीच्या मंडपाचे बांबू आडवे टाकलेले होते. तिथे जमादारांची गाडी आडवी पडली होती आणि रफिकभाई ती उचलून उभी करत होते. शेठनी त्यांची कॉलर धरली. बाकीच्यांनी घेरलं. गाडीसकट सापडला, गाडीसकट सापडला, असा एकच गलका झाला. कुणी विचारत होतं कुठे चालवली होतीस, कुणी हात उगारत होतं. रफिकभाईंची छाती भात्यासारखी चालली होती. नुसत्या नाकाने श्वास घेत होते. ओठ घट्ट मिटलेले. एका शब्दाने सगळं मिटलं असतं, पण त्यांनी तो शब्द काढला नाही.

आई गर्दीत घुसली आणि म्हणाली, "हात लावू नका. तोंडात औषध आहे त्यांच्या."

मंडपाच्या शिडीवर एक माणूस पडदा बांधत होता. तो वरूनच म्हणाला, "अहो, ह्याला काहून धरता? नेनारा दुसराच व्हता, तोंडाला रुमाल बांधलेला. ह्यानं मागून येऊन गाडी धरली, तवा तो बांबूवरून उडी मारून पळाला."

शेठची कॉलरवरची पकड सैल झाली, पण हात तिथेच राहिला. खाली घ्यायचा कसा ते त्यांना कळत नसावं. जमादार धापा टाकत पोचले. त्यांनी गाडीकडे बघितलं, रफिकभाईंकडे बघितलं.

आईने भररस्त्यात बॅटरी लावली. "जीभ वर करा." नीट बघितलं. म्हणाली, थोडं राहिलंय अजून, थांबा.

आणि सगळे थांबले. शेठ, जमादार, मंडपवाले, भाजी घ्यायला निघालेल्या बायका. स्पीकरची चाचणी चालली होती तीही कुणीतरी बंद केली. इतकी गर्दी इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. शेठनी मधेच कधीतरी हात खाली घेतला आणि रफिकभाईंची कॉलर सरळ केली.

आईने पुन्हा बॅटरी लावली. जिभेखाली बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. "झालं," ती म्हणाली.

रफिकभाईंनी बाहीने तोंड पुसलं. मोटारसायकलची चावी काढली आणि जमादारांच्या हातावर ठेवली.

"साहेब, चावी काढून घेत जा," ते म्हणाले. "आजकाल कुनाचा भरोसा न्हाई."